प्रात्यक्षिक आणि चाचणी: बाजरी-नाचणीच्या नव्या वाणाचा निकाल कोण देतो?

खरिपाच्या तोंडावर कृषी विज्ञान केंद्राकडून बाजरीच्या किंवा नाचणीच्या सुधारित वाणाचे बियाणे गावात येते, ते दोन वेगळ्या कामांपैकी एकासाठी आलेले असते: आद्यरेषीय प्रात्यक्षिकासाठी किंवा शेतावरील चाचणीसाठी. दोन्हींत शेत शेतकऱ्याचे, बियाणे केंद्राकडचे आणि पाहणीला येणारे अधिकारीही बहुधा तेच असल्यामुळे गावात दोन्हींना सरसकट ‘प्लॉट’ म्हटले जाते. शेतकऱ्याच्या मताला मिळणारे स्थान मात्र दोन्हींत सारखे नसते.

प्रात्यक्षिकात वाण चांगला असल्याचे आधीच ठरलेले असते. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर आणि अनेक ठिकाणच्या चाचण्यांत पारखून त्याची शिफारस झालेली असते. गावात तो दाखवायला आणला जातो. त्यामुळे त्याच्याबरोबर बीजप्रक्रिया, शिफारशीची खतमात्रा, वेळेवर विरळणी असे सगळेच येते. उत्पादन वाढले, तर त्यातले वाणाचे किती आणि खताचे किती, हे अशा प्लॉटवरून सांगता येत नाही.

चाचणीत प्रश्न खुला असतो. शेतकऱ्याचा नेहमीचा वाण शेजारीच, त्याच दिवशी, त्याच जमिनीत पेरला जातो आणि वाणाचीच पारख करायची असेल, तर बियाण्याखेरीज काहीही बदलायचे नसते. एका शेतातला फरक जमिनीच्या चढउतारामुळेही पडू शकतो; म्हणून अनेक शेतकऱ्यांकडे तीच तुलना व्हावी लागते. अलीकडे वापरात आलेल्या एका पद्धतीत प्रत्येक शेतकऱ्याला मोठ्या संचातले फक्त तीन वाण सांकेतिक खुणेने दिले जातात आणि त्यांतला सर्वांत चांगला व सर्वांत वाईट कोणता, एवढेच विचारले जाते. क्विंटलचा हिशेब न ठेवणाऱ्या शेतकऱ्याचा अनुभवही त्यामुळे निष्कर्षात येतो, आणि मला ही पद्धत त्यासाठीच मोलाची वाटते.

भरडधान्यांच्या बाबतीत हा भेद अधिक महत्त्वाचा आहे, कारण ही पिके केवळ दाण्यासाठी घेतली जात नाहीत. जिथे जनावरांची उन्हाळ्याची सोय बाजरीच्या सरमाडावर, म्हणजे वाळलेल्या ताटांच्या वैरणीवर होते, तिथे दाणा जास्त पण ताट ठेंगणे असलेला वाण घरात तोट्याचा ठरू शकतो. पश्चिम राजस्थानात शेतकऱ्यांशी बोलून काम करणाऱ्या पैदासकारांना (नवे वाण तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांना) हेच दिसले: तिथल्या कोरड्या भागांत भरपूर फुटवे येणाऱ्या आणि चारा देणाऱ्या बाजरीला मान होता. कणसावर राठ केस असतील, तर पाखरांचा त्रास कमी होतो आणि राखणीचे दिवस वाचतात. कोकणात डोंगरउतारावरच्या हलक्या वरकस जमिनीत गरवी, म्हणजे उशिरा पिकणारी, नाचणी पाऊस उघडल्यावर ओल न पुरल्याने फसू शकते, म्हणून तिथे लवकर पिकणारी हळवी लागते. भाकरी किती वेळ मऊ राहते, मळणीला कणीस किती त्रास देते, हे तर जी बाई ते काम करते तिलाच ठाऊक. तिला न विचारता भरलेला अभिप्राय अर्धाच म्हणावा लागेल. प्रात्यक्षिकाच्या अहवालात हेक्टरी उत्पादन आणि खर्च-नफ्याचे गुणोत्तर येते, पण ‘आम्हाला हा वाण नको’ या उत्तराला सहसा जागा नसते. चाचणीत तेच उत्तर निकाल असते.

तरीही प्रात्यक्षिक दुय्यम ठरत नाही. इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून दिलेली, 2012 मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झालेली ‘धनशक्ती’ बाजरी लोहासाठी निवडलेली आहे, आणि दाण्यातले लोह कोणत्याही शेतकऱ्याला बांधावरून दिसणार नाही. ते प्रयोगशाळेतच मोजावे लागते आणि नंतर सांगावे लागते. तिची भाकरी, सरमाड आणि कालावधी यांचा निर्णय मात्र शेतातच व्हायला हवा. ती संकरित नसल्यामुळे तिचे बियाणे घरी धरता येते. त्यासाठी बाजरीच्या दुसऱ्या वाणांपासून दूर असलेल्या शेताच्या मध्यभागातली निरोगी कणसे निवडावी लागतात.

बियाण्याची पिशवी हातात घेण्यापूर्वी शेतकऱ्याने दोन गोष्टी विचाराव्यात: माझा नेहमीचा वाण शेजारी पेरायचा आहे का, आणि खत-मशागत माझीच राहणार आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले, तर ते प्रात्यक्षिक आहे असे समजून, पुढच्या हंगामात त्याच बियाण्याच्या चार ओळी आपल्या वाणाशेजारी, आपल्याच पद्धतीने पेरून पाहाव्यात.