घरचे व्हॅनिला आइस्क्रीम : स्टँड मिक्सरचा आइस्क्रीम बाउल घेणाऱ्यांसाठी

आमच्या फोंड्याच्या दुकानातून तुम्ही स्टँड मिक्सरला लावायचा आइस्क्रीम बाउल घेतला आहे, किंवा घ्यायचा विचार करत आहात. बाउलबरोबर कंपनीची पुस्तिका येते आणि जोडणी कशी करायची ते तिच्यात चित्रांसकट असते. ती जपून ठेवा. पण ती गोव्याची हवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात पारा ३३-३४ वर असतो, हवा दमट असते, आणि १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून फ्रीजर सुंगटे-बांगड्यांनी गच्च भरलेला असतो. अशा घरात आइस्क्रीम नीट जमावे म्हणून हे पत्रक.

बाउल थंडी तयार करत नाही

या बाउलला कॉम्प्रेसर नाही, वेगळी वायरही नाही. त्याला दोन भिंती असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत एक द्रव भरून ती बंद केलेली असते. फ्रीजरमध्ये हा द्रव गोठतो. पुढे मिश्रण ओतले की तो हळूहळू वितळतो आणि वितळताना मिश्रणातली उष्णता ओढून घेतो. पूर्वी पॉटमध्ये बर्फ आणि खडे मीठ भरून, हँडल फिरवून आइस्क्रीम करत; तिथे बर्फ-मीठ जे काम करायचे तेच इथे हा द्रव करतो. फरक इतकाच की पॉटमधला बर्फ कमी पडला तर वरून आणखी घालता येतो. बाउलमधली थंडी एकदा संपली की संपली. वीस ते तीस मिनिटांत जे गोठेल तेच गोठेल. त्यानंतर मिक्सर कितीही वेळ फिरवा, मिश्रण उलट पातळ होत जाते.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ इथेच सापडते. मशीन ठीक असते, ढवळणी ठीक असते, बाउल पुरता गोठलेला नसतो.

कंपन्या साधारण पंधरा तास सांगतात. आम्ही पूर्ण चोवीस तास सांगतो, कारण आपल्याकडे फ्रीजरचे दार दिवसातून अनेकदा उघडते आणि दर वेळी गरम, ओली हवा आत शिरते. फ्रीजर उणे १८ अंश सेल्सिअसला हवा. बाउल उभा ठेवा, दारापासून लांब, अगदी मागच्या भिंतीजवळ. बाहेर काढल्यावर कानाजवळ धरून हलवून बघा. आत द्रव हिंदकळल्याचा जरासाही आवाज आला तर बाउल परत आत ठेवा आणि आइस्क्रीम दुसऱ्या दिवशी करा. पावसाळ्यात वीज दोन-तीन तास गेली असेल तर तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

फ्रीजरमध्ये ठेवण्यापूर्वी बाउल आतून अगदी कोरडा करा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. याची कारणे दोन. दमट हवेतले पाणी बाउलच्या आतल्या अंगाला बर्फ होऊन चिकटते आणि मग तेच आइस्क्रीममध्ये उतरते. दुसरे म्हणजे मासळीचा वास. दुधातली चरबी वास फार पटकन धरते, आणि व्हॅनिलासारख्या नाजूक वासाखाली तो लपत नाही.

विकत घेण्यापूर्वी एवढे करा : फ्रीजरची आतली उंची आणि रुंदी टेपने मोजून आणा. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा छोटा कप्पा बहुधा अपुरा पडतो, जागेलाही आणि थंडीलाही. तुमच्याकडे तोच फ्रीज असेल तर हा बाउल घेऊ नका, असेच आम्ही सांगू.

परदेशातून आलेला मिक्सर

गोव्यात बरेच मिक्सर घरचे कोणी आखातातून, पोर्तुगालहून, इंग्लंडहून किंवा अमेरिकेतून आणतात. मिक्सरच्या बुडाशी एक पट्टी असते, ती वाचा. २२०-२४० व्होल्ट लिहिले असेल तर फक्त पिनेचा प्रश्न आहे, चांगल्या प्रतीचा अॅडॅप्टर पुरतो. ११०-१२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो थेट मुळीच लावू नका, मोटर जळेल. त्यासाठी ताकदीचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो घेण्याआधी आम्हाला पट्टी दाखवा. आइस्क्रीम घट्ट होत जाते तसा मोटरवर ताण वाढतो, तेव्हा कमी ताकदीचा ट्रान्सफॉर्मर तापतो.

मिश्रण

ही मापे साधारण १.९ लिटरच्या बाउलसाठी आहेत. फुल क्रीम दूध ५०० मिली, फ्रेश क्रीम ४०० मिली, साखर १५० ग्रॅम, पाच अंड्यांचे पिवळे बलक, एक व्हॅनिला शेंग किंवा दोन चहाचे चमचे व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट, आणि चिमूटभर मीठ. बाउल काठोकाठ भरायचा नसतो. ढवळताना हवा मिसळते आणि मिश्रण फुगून वर येते.

फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के. या मापाने सगळ्या मिश्रणात अकरा टक्क्यांच्या आसपास दुधाची चरबी येते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे आइस्क्रीम म्हणवून घ्यायला किमान १० टक्के लागते, म्हणजे घरचे आइस्क्रीम नावाप्रमाणे आइस्क्रीमच होते. क्रीम घेताना पाकीट वाचून घ्या. केकवर लावायचे जे व्हिपिंग क्रीम बेकरी सामानाच्या दुकानात मिळते, त्यातले बरेचसे वनस्पती चरबीचे आणि आधीच गोड असते. ते वापरलेत तर तयार होते ते फ्रोझन डेझर्ट, आणि चवही तशीच येते.

साखर कमी करायचा मोह अनेकांना होतो. थोडी कमी केलीत तरी चालेल, पण अर्धी करू नका. साखर फक्त गोडीसाठी नसते. तिच्यामुळे पाणी कमी तापमानाला गोठते आणि आइस्क्रीम चमच्याने काढता येते. साखर फार कमी झाली की डब्यात दगड तयार होतो. दारूमुळेही पाणी असेच कमी तापमानाला गोठते, पण साखरेपेक्षा कितीतरी जास्त. एखाद-दोन मोठे चमचे फेणीत भिजवलेले बेदाणे घाला, छान लागतात. त्याहून जास्त फेणी घातलीत तर मिश्रण गोठतच नाही.

दूध, क्रीम आणि निम्मी साखर जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर, कडेला बुडबुडे दिसेपर्यंत तापवा. बलक उरलेल्या साखरेबरोबर फिकट होईपर्यंत फेटा. गरम दूध पळीपळीने बलकांत घालत सतत ढवळा, मग सगळे पातेल्यात परत ओता. आता घाई नको. लाकडी उलथन्याने बुडाला सारखे ढवळत राहा. थोड्या वेळाने मिश्रण जरा जड वाटू लागते, वरचा फेस विरतो. उलथने वर काढून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघेच्या कडा ओघळल्या तर आणखी थोडा वेळ. रेघ जशीच्या तशी राहिली की लगेच उतरवा. थर्मामीटर असेल तर ८२ ते ८४ अंश. त्यापुढे गेले की बलक फुटतात आणि पातेल्यात गोड भुर्जी होते. इतके तापल्याने कच्च्या अंड्यातल्या जंतूंची काळजीही राहत नाही.

गाळून घ्या. पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत गार करा, आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, खालच्या कप्प्यात. ही रात्र वाचवू नका. थंडीत चरबीचे कण घट्ट होतात, दुधातली प्रथिने पाणी धरून ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी मिश्रण हवा चांगली पकडते. शिवाय कोमट मिश्रण ओतलेत तर बाउलची निम्मी थंडी ते गार करण्यातच खर्च होईल.

अंडे न चालणाऱ्या घरांसाठी, किंवा सोमवार, श्रावण पाळणाऱ्यांसाठी : बलकांऐवजी ४० ग्रॅम दूध पावडर आणि १० ग्रॅम कॉर्नफ्लॉवर थोड्या गार दुधात गुठळ्या न ठेवता कालवा, तापलेल्या दुधात घाला आणि चांगले बुडबुडे येईपर्यंत शिजवा, नाहीतर पिठाची कच्ची चव राहते. हे आइस्क्रीम थोडे हलके लागते, पण व्हॅनिला त्यात जास्त स्वच्छ कळतो.

व्हॅनिलाविषयी

याबद्दल आम्हाला जरा जास्त सांगावेसे वाटते, कारण व्हॅनिलाचे वेल आपल्या फोंडा तालुक्यातल्या कुळागरांतही आहेत. माडा-पोफळींच्या सावलीत चढणारी ही एक ऑर्किड. मूळची मेक्सिकोची. तिचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते, आणि आपल्याकडे प्रत्येक फुलाचे परागीकरण हाताने करावे लागते. ही युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. बारीक काडीने फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचा. आजही जगभर हेच करतात. त्यानंतर शेंग पिकायला आठ-नऊ महिने लागतात, आणि हिरव्या शेंगेला वास नसतोच. ती गरम करून, घाम आणून, उन्हात आणि सावलीत महिनोन्महिने वाळवली की मगच वास येतो. केशरानंतरचा सगळ्यात महाग मसाला तो याच मेहनतीमुळे.

मसाल्याच्या बागेतून शेंग घ्याल तर वाकवून बघा. चांगली शेंग काळपट तपकिरी, तेलकट आणि बोटाभोवती गुंडाळता येईल इतकी लवचीक असते. कडकडीत वाळलेली असेल तर अर्धा तास कोमट दुधात ठेवा. सुरीच्या टोकाने लांबीत चिरून आतले काळे, ओलसर बी सुरीच्या पाठीने खरवडून काढा. बी आणि साल दोन्ही दूध तापवताना घाला, साल गाळताना काढा. ती साल धुऊन, सुकवून साखरेच्या बरणीत टाका. पुढचे कित्येक दिवस चहासुद्धा सुगंधी होतो.

एक्स्ट्रॅक्ट वापरणार असाल तर मिश्रण गार झाल्यावर घाला, गरमात वास उडून जातो. इसेन्सच्या बाटलीत सहसा कारखान्यात बनवलेले व्हॅनिलिन असते. त्यानेही आइस्क्रीम होते, पण थेंब मोजून घाला, जास्त झाले तर कडवट लागते.

फिरवणे

सकाळी लवकर करा. ओट्यावर शेगडी पेटलेली नको. आधी ढवळणी आणि वरची जोडणी (ढवळणी मिक्सरला जोडणारा भाग) तयार ठेवा, मिश्रण जगमध्ये ओतून ठेवा, आणि बाउल अगदी शेवटी बाहेर काढा. ओल्या हाताने धरू नका, कातडी चिकटते. मिक्सर सगळ्यात कमी वेगावर आधी सुरू करा आणि मगच मिश्रण ओता. हा क्रम उलटा झाला तर मिश्रण भिंतीला लागल्या लागल्या गोठते आणि ढवळणी अडकते.

पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही असे वाटेल. मग भिंतीजवळ पातळ थर दिसू लागतो, मोटरचा आवाज जड होतो, ढवळणीच्या मागे पडलेल्या रेघा बुजायच्या थांबतात. काही मॉडेलांत या वेळी टक-टक असा आवाज येतो. घट्ट मिश्रणामुळे जोडणी सुटून फिरते त्याचा तो आवाज आहे, बिघाड नव्हे. मिक्सर बंद करा.

हे मऊ, लगेच खाण्यासारखे आइस्क्रीम. गरम केलेल्या बिबिंकच्या तुकड्यावर ते याच अवस्थेत सुरेख लागते. घट्ट हवे असेल तर आधीच गार केलेल्या पसरट स्टीलच्या डब्यात काढा, वर बटर पेपर चिकटवून दाबा आणि किमान चार तास फ्रीजरमध्ये ठेवा. डबा जितका उथळ तितके गोठणे जलद, आणि जलद गोठले की बर्फाचे कण बारीक राहतात. नियमाप्रमाणे विकतच्या आइस्क्रीमचे वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम असावे लागते, कारण त्यात पुष्कळ हवा असते. घरच्या बाउलमध्ये हवा कमी मिसळते, त्यामुळे आपले आइस्क्रीम जड आणि दाट होते. वाढण्याआधी पाच-दहा मिनिटे खालच्या फ्रीजमध्ये ठेवा. एकदा वितळलेले परत गोठवू नका.

मानकुराद आंब्याचा रस घालायचा असेल तर तो आधी आटवून निम्मा करा आणि पूर्ण गार झाल्यावर घाला. कच्च्या रसातल्या पाण्याचा बर्फ होतो.

धुणे आणि दुरुस्ती

बाउल रिकामा झाल्यावर तो नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, मगच कोमट साबणपाण्याने हाताने धुवा. गोठलेल्या बाउलमध्ये गरम पाणी ओतले तर तडा जातो. डिशवॉशर नको, तारेची घासणी नको, आणि आइस्क्रीम काढताना धातूचा चमचा नको. बाउलला भेग पडून आतला द्रव बाहेर येताना दिसला तर त्यातले आइस्क्रीम खाऊ नका आणि बाउल पुन्हा वापरू नका. तो द्रव परत भरता येत नाही, बाउल बदलावाच लागतो. ढवळणी आणि वरची जोडणी मात्र सुटी मागवता येते. त्यासाठी दुकानात येताना मिक्सरच्या बुडावरच्या पट्टीचा फोटो मोबाइलवर काढून आणा, म्हणजे तुमच्या मॉडेलला बसणारा भागच आम्ही मागवू आणि तुमची दुसरी खेप वाचेल.