यॉर्कमध्ये रानडुक्कर कुठून आलं?

बाळाची नावं सुचवणाऱ्या पुस्तिकांत प्रत्येक नावाचा अर्थ तेजस्वी, पवित्र नाहीतर विजयी असतो. तो कुठून काढला, हे विचारायची सोय नसते. गावांच्या नावांचे कोश रचणाऱ्यांना मात्र पुराव्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही.

इंग्लंडमधलं यॉर्क घ्या. रोमन लोक या गावाला 'एबोराकम' म्हणत. नाव त्यांचं नव्हे, तिथल्या केल्टिक बोलीतलं. त्याचा संबंध 'यू' या सदाहरित झाडाशी असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मग अँग्लो-सॅक्सन, म्हणजे आजच्या इंग्रजांचे पूर्वज, आले. त्यांना या नावातून काही बोध होईना, पण त्यांच्या भाषेत 'एओफोर' म्हणजे रानडुक्कर. झालं, गाव 'एओफोर्विक' बनलं! 866 मध्ये डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांनी ते जिंकलं, त्यांच्या तोंडी 'योर्विक' झालं आणि पुढे झिजत झिजत यॉर्क. अनोळखी नावाला ओळखीचा अर्थ चिकटवण्याच्या या खोडीला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात.

म्हणूनच कोशकार आजच्या स्पेलिंगवर विसंबत नाही, जुन्यात जुनी लेखी नोंद शोधतो. इंग्लंडमधल्या असंख्य गावांसाठी ती 'डूम्सडे बुक'मध्ये, म्हणजे 1086 च्या जमीन-पाहणीच्या नोंदवहीत मिळते. पण ही पाहणी फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन राजाने करवून घेतलेली, आणि इंग्रजी नावं लिहिताना तिच्या लेखनिकांची बरीच ओढाताण झालेली दिसते. तेव्हा दानपत्रं, करवसुलीच्या याद्या असं सगळं कालक्रमाने लावायचं आणि एका रूपातून दुसरं रूप त्या बोलीच्या उच्चारनियमांनी निघतं का, हे तपासायचं. शिवाय नकाशा असतोच. डर्बी, ग्रिम्सबी, व्हिटबी यांतला 'बी' म्हणजे डेन लोकांच्या भाषेत वस्ती. ही नावं उत्तर आणि पूर्व भागात, म्हणजे डेन जिथे वसले तिथेच दाटलेली आहेत. इंग्लंडच्या स्थलनामांचा गाजलेला कोश 1936 मध्ये एलर्ट एकवाल या स्वीडिश प्राध्यापकाने लिहिला, याचं मग नवल वाटत नाही; स्वीडिश ही डेन लोकांच्या भाषेची बहीणच.

खात्री नसेल तिथे असा कोश सरळ 'व्युत्पत्ती अनिश्चित' म्हणतो. माझ्या मते त्याची खरी किंमत या दोन शब्दांत आहे. लंडनचंच बघा. लड नावाच्या राजावरून हे नाव पडलं, ही बाराव्या शतकातली कथा फार रंगतदार. पण 'लड'पासून रोमनकालीन 'लोंडिनियम' हे रूप निघत नाही, म्हणून ती बाद झाली. तिच्या जागी सर्वमान्य असा अर्थ अजून कुणालाही देता आलेला नाही.