‘आठे ये’ : अंगणवाडीतील घास आणि बोलणे

कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. अमळनेर तालुक्यातील एका अंगणवाडीच्या दारात तीन वर्षांचा एक मुलगा चौकट धरून उभा होता. आई पहाटेच शेतात गेलेली. नव्याने रुजू झालेल्या सेविकेने ‘इकडे ये बाळा, बस इथे’ असे अगदी लाडाने तीनदा सांगितले, तरी तो जागचा हलला नाही. खिचडीचे पातेले उतरवणाऱ्या मदतनीस बाईंनी मागे वळूनही न पाहता ‘आठे ये रे, आठे बस’ (अहिराणीत ‘आठे’ म्हणजे ‘इकडे’) एवढेच म्हटले आणि तो मुकाट्याने त्यांच्या पदराजवळ जाऊन बसला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत आहाराइतकेच अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षणही अपेक्षित आहे. प्रत्यक्षात जे मोजता येते त्याकडेच लक्ष अधिक राहते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला रोज किती ऊर्जा आणि किती प्रथिने मिळावीत हे ठरलेले आहे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित समजले जाते. आदिवासी भागातील अमृत आहार योजनेत मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. (केळीच्या जळगावला लागून असलेल्या भागात मुलाला केळे सरकारी योजनेतून मिळावे, हाही खानदेशचाच एक विरोधाभास.) या मोजमापाचे मोल कमी नाही, कारण बालपणी मेंदूची भूक विलक्षण असते. पाच वर्षांच्या आसपास शरीर वापरत असलेल्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा एकटा मेंदू घेतो आणि त्याच काळात शरीराची वाढ सर्वांत मंदावलेली असते. मात्र ही ऊर्जा मेंदूच्या पेशींमधल्या ज्या जोडण्या घडवण्यात खर्च होते, त्यांपैकी कोणत्या टिकतील हे वापरावर ठरते. मुलाने आवाज काढला, आईने त्याला उत्तर दिले, मुलाने पुन्हा काही म्हटले, अशा देवाणघेवाणीतून वापरल्या जाणाऱ्या जोडण्या पक्क्या होतात आणि न वापरलेल्या हळूहळू छाटल्या जातात.

जमैकातील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेला प्रयोग येथे आठवतो. वाढ खुंटलेल्या, ९ ते २४ महिने वयाच्या १२९ मुलांचे त्यांनी चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दुधाची पूरक भुकटी दिली. दुसऱ्या गटातील मुलांच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एकदा तासभर जाई आणि मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला करून दाखवी. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळाले, चौथ्याला यांतले काहीच नाही. दोन वर्षे हे चालले. पुढे भुकटीचा परिणाम ओसरला, खेळ-गप्पांचा टिकला. वीस वर्षांनी घरी भेटी मिळालेल्या दोन्ही गटांतील तरुणांची कमाई तशा भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक आढळली. नमुना लहान होता, म्हणून या आकड्याला जपूनच हात लावावा. पण खेळणी घरच्या टाकाऊ वस्तूंपासून केलेली होती आणि शिकवणाऱ्या बाई त्याच समाजातल्या होत्या, हा तपशील मला आकड्याहून मोलाचा वाटतो. आपल्याकडे त्यासाठी झाकणे, डबे, चिंध्यांची बाहुली पुरेल. चिंचोके मात्र तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती देऊ नयेत, ते घशात अडकतात.

असे काम सेविकेने करावे कधी, हा प्रश्न रास्त आहे. वजने, गृहभेटी, लसीकरणाच्या दिवसाची बोलावणी आणि मोबाइलवरील नोंदी यांत तिची सकाळ सरते. तमिळनाडूत ६४० अंगणवाड्यांवर झालेल्या अभ्यासात त्यांपैकी निम्म्या केंद्रांना फक्त शिकवण्यासाठी अर्धवेळ कार्यकर्ती दिली गेली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला आणि मुलांचे गणित व भाषा सुधारली, हे अपेक्षितच होते. पण आधीच्या सेविकेला आहार-आरोग्याकडे पाहायला सवड मिळाल्यामुळे वाढ खुंटण्याचे आणि तीव्र कुपोषणाचे प्रमाणही घटले. म्हणजे बोलायला माणूस दिला, तेव्हा घासही नीट पोहोचला.

हा माणूस कोणत्या भाषेत बोलतो, यावर खानदेशात बरेच अवलंबून आहे. धुळ्याकडच्या गावांत घरची भाषा अहिराणी, नंदुरबारच्या डोंगराळ भागात पावरी, भिली किंवा मावची. तीन वर्षांच्या मुलाला प्रमाण मराठी ही जवळपास परकीच. आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, त्यातूनच ‘अंगणवाडी’ हे नाव रुजले. अंगणात गेले की अंगणातली बोलीही आपसूक येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवण्याची शिफारस केली आहे. सेविका स्थानिक असेल तर हे फार अवघड नाही. ‘भाकर’ म्हणत भाकरीचे चित्र दाखवले, मुलाने ‘माय करस’ (आई करते) म्हटले की आपणही ‘तुनी माय कशी करस?’ विचारले, एवढ्याने संवाद सुरू होतो. प्रमाण मराठी त्यावर सावकाश चढवता येते.

अडचण निराळीच आहे. सातपुड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणी किंवा वीटभट्टीसाठी गुजरातेत अथवा राज्याच्या इतर भागांत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. स्थलांतरित लाभार्थ्यांची नोंद ऑनलाइन ठेवण्याची सोय झाली आहे, त्यामुळे आहाराचा हक्क निदान कागदावर तरी मुलामागे जाऊ शकतो. पण भट्टीशेजारच्या अंगणवाडीत गुजराती चालते, आणि पावरी बोलणारे मूल तेथे दारातच उभे राहते. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारी एकच व्यक्ती सोबत गेलेली असते, आणि ती दिवसभर विटा वाहत असते. म्हणूनच आईला खेळ आणि गप्पा शिकवणाऱ्या गृहभेटी गावाकडे दिवाळीपूर्वीच उरकलेल्या असणे येथे इतर कोठल्याही भागापेक्षा अधिक गरजेचे आहे.