तळघरातला कुबट वास आणि मिठाची वाटी

सध्या एक व्हिडिओ सगळ्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. तळघराच्या कोपऱ्यात खडेमीठ भरून वाटी ठेवा, दोन-चार दिवसांत त्याला पाणी सुटलं की समजायचं, वास्तूतली निगेटिव्ह एनर्जी मिठाने ओढून घेतली. पाणी सुटतं हे खरंच आहे हो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ वाफ ओढून घेतं आणि त्याच पाण्यात विरघळायला लागतं, खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं म्हणून ते त्याच्याही आधी पाझरतं. म्हणजे वाटी सांगतेय ते एवढंच की खाली दमट झालंय.

आता सोलापुरात, जिथे मे महिन्यात ओठ फुटतात, तिथे दमट कसं काय? तर इथेच खरी गंमत आहे आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. ऑगस्टमध्ये पाऊस उघडला, छान ऊन पडलं की आपण म्हणतो चला, तळघराच्या खिडक्या उघडू, वास जाईल. समजा बाहेर ३० अंश आहे आणि आर्द्रता ६५ टक्के. अशा एक घनमीटर हवेत जवळजवळ २० ग्रॅम वाफ असते. ही हवा खाली उतरते, तिथली भिंत २५ अंशांवर, आणि २५ अंशांच्या हवेत वाफ मावते जास्तीत जास्त २३ ग्रॅम. वाफ तेवढीच राहिली पण मावायची जागा कमी झाली, त्यामुळे ६५ टक्केवाली हवा भिंतीजवळ जाऊन ८६ टक्क्यांची होते. भिंतीवर थेंब एकही दिसत नाही, हात लावला तर कोरडीच वाटते, पण ८० टक्क्यांच्या वर बुरशीला थेंब लागतच नाहीत, चुन्याच्या पोपड्यावरची धूळ आणि पुठ्ठ्याची खोकी तिला पुरतात. म्हणजे वास घालवायला खिडकी उघडली आणि बुरशीचीच सोय केली.

हेच गणित उन्हाळ्यात उलटं चालतं. बाहेर ४० अंश, आर्द्रता २० टक्के, वाफ फक्त १० ग्रॅम. ही हवा २७ अंशांच्या तळघरात गेली तरी ४० टक्क्यांच्या आसपासच राहते आणि भिंतीतली ओल शोषून नेते. त्यामुळे तळघर वाळवायचं तर एप्रिल-मेच्या रखरखत्या दुपारी, नाहीतर जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत. पावसाळ्यात बंद ठेवा, जमलं तर डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, लावा. आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, त्यावरचा आकडा ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

वास म्हणजे बुरशी आणि जिवाणूंनी हवेत सोडलेली रसायनं, वन-ऑक्टेन-थ्री-ऑल हे त्यातलं आळंबीसारख्या वासाचं, आणि जिओस्मिन, म्हणजे पहिल्या पावसाच्या मातीचा वास, जो आपलं नाक इतक्या कमी प्रमाणात ओळखतं की अख्ख्या तलावात कपभर टाकलं तरी कळावं. उदबत्ती, कापूर, रूम फ्रेशनर यांनी त्यावर दुसरा वास चढतो, बाकी काही नाही. आणि तळघरात चादरी-टॉवेलचे गठ्ठे असतील तर कापूस स्वतःच ओल धरून बसतो, नेहमीच्या हवेतसुद्धा वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास, म्हणून गठ्ठे फळीवर ठेवा आणि भिंतीपासून वीतभर लांब.

पण हे सगळं ओल हवेतून येत असेल तर. ती भिंतीतून येतेय का, ते बघायला हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर पक्का चिकटवा आणि दोन दिवस थांबा. कागदाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर बाहेरची काळी माती पाणी धरून बसलीय आणि ते विटांच्या बारीक छिद्रांतून आत चढतंय. मग आतून कितीही भारीतला वॉटरप्रूफ रंग मारा, मागून खार फुटून त्याचे पोपडे निघणारच. आधी गच्चीच्या पाइपचं पाणी पायाजवळ पडतंय ते लांब काढा, भिंतीलगतच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, रंगवाल्याला मग बोलवा.