जुन्या राइड-ऑन लॉनमोवरचे हायड्रो ऑईल

सकाळी मशीन झकास चालते, पण तासाभराने चढावर दम टाकते. पेडल पूर्ण दाबले तरी जागचे हलत नाही, इंजिन मात्र ओरडत राहते. नागावपासून मुरुडपर्यंतच्या रिसॉर्टमधून आणि बंगल्यांमधून आमच्याकडे ही तक्रार नेहमी येते. तोवर बेल्ट बदलून झालेला असतो, कार्बोरेटरही साफ झालेला असतो. आम्ही आधी मागचे हायड्रो ट्रान्समिशन बघतो.

हायड्रोमध्ये बेल्ट आतला पंप फिरवतो, पंप ऑईल दाबाने मोटरकडे ढकलतो आणि मोटर चाके फिरवते. म्हणजे ऑईल इथे नुसते वंगण नाही, ताकदही तेच पोचवते. ते जुने होऊन तापले की फारच पातळ होते, झिजलेल्या फटींतून मागे निसटते आणि चढावर दाब पुरत नाही. थंड असताना तेच ऑईल दाट असते, म्हणून सकाळी कसलीच तक्रार नसते.

अनेक छोट्या ट्रान्समिशनना ऑईल काढायचा ड्रेन बोल्टच नसतो आणि माहितीपुस्तकात ‘देखभालीची गरज नाही’ असे छापलेले असते. सपाट, कोरड्या लॉनवर ते बरीच वर्षे चालून जाते. आपल्याकडे सपाट जागा किती, ते तुम्ही जाणताच. त्यात पावसाळ्यात ओले, जड गवत सारखे कापावे लागते आणि त्याचा लगदा ट्रान्समिशनच्या पंख्याखाली बसून वाळतो. म्हणून ऑईलला हात लावण्याआधी आम्ही पंखा बघतो. त्याची पाती तुटलेली असतील तर नवे ऑईलही तापणारच.

ड्रेन बोल्ट नसेल तर अख्खे ट्रान्समिशन खाली उतरवून, बाहेरून नीट धुऊन उलटे टांगावे लागते. रात्रभर निथळू दिले तरच तळाचे ऑईल बाहेर येते. कामाला वेळ लागतो तो इथे. निघालेले ऑईल काळे असेल तर ते नेहमीचेच. दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे. ताडपत्रीखाली पाऊस काढलेल्या किंवा प्रेशरने धुतलेल्या मशीनमध्ये हे होऊ शकते. आतल्या चुंबकाला चिकटलेली राखाडी पेस्ट चालते. धातूचे कपचे निघाले तर मात्र ऑईल बदलून उपयोग नाही. तसे असेल तर आम्ही काम थांबवून तुम्हाला फोन करतो, कारण त्या अवस्थेत ऑईलवर केलेला खर्च वाया जातो.

ऑईल कोणते, हे मॉडेलवर ठरते. हायड्रो-गिअर कंपनीच्या बऱ्याच मॉडेलना २०डब्ल्यू-५० इंजिन ऑईल लागते. इतर कंपन्यांचे वेगळे असते. ट्रॅक्टरसाठी आणलेले ९० नंबरचे गिअर ऑईल माळ्याने हायड्रोत ओतू नये, एवढी सक्त सूचना द्या. काही जुन्या गिअरवाल्या मशीनच्या पेटीत तर ऑईल नसून ग्रीस असते. तिथे ऑईल भरले तर ते सीलमधून गळत बसते.

ऑईल भरल्यावर आतली हवा काढावीच लागते. घाईत हीच पायरी वगळली जाते आणि ‘ऑईल बदलले तरी चालत नाही’ असा ठपका मशीनवर येतो. मागची दोन्ही चाके अधांतरी ठेवून फ्रेमखाली पक्के ठोकळे द्यायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. बायपास (मशीन हाताने ढकलता यावे म्हणून ट्रान्समिशन मोकळे करणारा दांडा) उघडा ठेवून, इंजिन कमी वेगावर चालवत पेडल हळूहळू पाच-सहा वेळा पुढे-मागे करायचे. इंजिन बंद करून ऑईलची पातळी बघायची, कमी असेल तेवढेच भरायचे. मग बायपास बंद करून पुन्हा तेच. घरघर थांबून दोन्ही दिशांना चाके सारख्या जोराने फिरेपर्यंत हे चालते. काठोकाठ भरू नका, तापल्यावर ऑईल फुगून वरच्या झाकणातून बाहेर येते.

हे काम मे महिन्यात उरकून घेतलेले बरे. मृग लागला की गवतही थांबत नाही आणि आमच्याकडची रांगही. मशीन आणण्याआधी ट्रान्समिशनवरच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. पट्टी गंजून अक्षरे गेली असतील तर पंखा, पुली आणि बायपासचा दांडा दिसेल असा मागच्या बाजूचा फोटो चालेल. त्यावरून ऑईल आणि सील आधी मागवून ठेवता येतात, म्हणजे मशीन आमच्याकडे नुसते पडून राहत नाही.