जर्मनीतले 'गिफ्ट' घरी आणू नका

जर्मनीत एखाद्या डब्यावर 'गिफ्ट' छापलेले दिसले तर हात लावू नका. जर्मन भाषेत गिफ्ट म्हणजे विष. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये तर याच शब्दाचे दोन अर्थ आहेत: विष आणि विवाहित! यावरचे विनोद तिकडे केव्हाच शिळे झाले.

सगळ्याचे मूळ एकच, जुन्या जर्मानिक भाषांतले (इंग्रजी, जर्मन, स्वीडिश यांच्या कुळातले) 'देणे'. इंग्रजी गिव्ह, जर्मन गेबन त्यातलेच. दिली ती भेट, हे सरळ आहे. विवाहाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगायलाच नको. 'मुलगी कुठे दिली?' असे आपण अजून विचारतो. जर्मनमध्ये हुंड्याला 'मिटगिफ्ट' म्हणतात, म्हणजे सोबत दिलेले.

पण देण्याचे विष कसे झाले? ग्रीक 'डोसिस' म्हणजे देणे. वैद्यांच्या तोंडी त्याचा अर्थ झाला एका वेळी द्यायची मात्रा. हा शब्द लॅटिनमार्गे जर्मन भाषिकांपर्यंत पोचला, तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ तेवढा उसना घेतला आणि घरच्या 'गिफ्ट'वर चढवला. विषाचे नाव घेणे टाळून लोक नुसते 'दिलेले' म्हणू लागले, आणि आडपडदाच नाव होऊन बसला. आपणही 'उंदराचे औषध' म्हणतो, ते काही उंदीर बरा व्हावा म्हणून नाही. इंग्रजी 'पॉइझन'चीही तीच गत. लॅटिन 'पोटिओ' म्हणजे नुसते पेय; ते फ्रेंचमधून येईतो विष झाले.

आता डोसिसमध्ये संस्कृत 'दा' (देणे) आणि पोटिओमध्ये 'पा' (पिणे) दिसले, की 'सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या' असे फॉरवर्ड सुरू होतात. तसे नाही. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या बहिणी आहेत; आई त्याहून जुनी. आणि हे नाते नुसत्या कानाला लागणाऱ्या साम्यावर ठरत नाही. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळचा 'द' जर्मानिक शाखेत 'ट' होतो: द्वि-टू, दश-टेन, दंत-टूथ. मग इंग्रजी 'डोस'मध्ये 'ट' का नाही? कारण तो वारशाने आलेला नाही. हा बदल होऊन कित्येक शतके उलटल्यावर ग्रीकमधून लॅटिन आणि फ्रेंचमार्गे उसना आला. याउलट 'गिफ्ट' घरचा, पण त्याचा 'ग' बाहेरचा! जुन्या इंग्रजीत त्या जागी 'य'सारखा उच्चार होता. ठणठणीत 'ग' आला तो स्कँडिनेव्हियातून येऊन वसलेल्यांच्या बोलीतून.

मराठीत 'उपदेशाचे डोस पाजणे' म्हणतात, त्यात तर 'दा' आणि 'पा' दोघेही हजर आहेत. एक ग्रीसला वळसा घालून आलेला, दुसरा थेट घरचा.