पॉवरलूममधला ‘लूम’

सोलापुरात ‘यंत्रमाग’ हा शब्द राहतो सरकारी कागदावर. पूर्व भागातल्या गल्ल्यांत कानावर पडतो तो ‘पॉवरलूम’, नाहीतर नुसता ‘लूम’. इंग्रजी शब्द तुकड्यांतून कसे विणले गेले, हे पाहायला हा एक शब्दही पुरतो.

‘लूम’ जुन्या इंग्रजीतला, अस्सल घरचा. त्याचा मूळ अर्थ माग नव्हेच, नुसतं ‘अवजार’. ‘पॉवर’ मात्र फ्रेंच पाहुणा. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या दरबारात फ्रेंच चालली. तिच्या हजारो शब्दांनी इंग्रजीत घर केलं. एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये आपल्या यंत्रमागाचं पेटंट घेतलं, म्हणजे या दोन तुकड्यांची गाठ तशी अलीकडचीच. ‘हँडलूम’चे दोन्ही धागे मात्र घरचे. वडिलोपार्जित वस्तूला इंग्रजीत ‘एअरलूम’ म्हणतात: ‘एअर’ म्हणजे वारस, हा फ्रेंचमधून आलेला, आणि ‘लूम’ तेच जुनं अवजार. सोलापुरात हे जरा जपून सांगावं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हवेच्या झोतावर चालणारा एअरजेट माग उभा राहायचा!

युरोपच्या प्रबोधनकाळात विद्वानांनी लॅटिन-ग्रीकचे गठ्ठे उघडले. म्हणून नकारालाही तीन उपसर्ग झाले. ‘अनहॅपी’तला ‘अन’ घरचा, ‘इनव्हिजिबल’मधला ‘इन’ लॅटिन, ‘ॲनिमिया’तला ‘ॲन’ ग्रीक. लॅटिनवाला पुढचं अक्षर पाहून रूप बदलतो: इम्पॉसिबल, इलीगल, इरेग्युलर. आपल्या संधीसारखंच हे. आणि ‘अनादर’, ‘अनावश्यक’ यांतला आपला ‘अन्’ या तिघांचा सख्खा भाऊ. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, हे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यातल्या भाषणात मांडलं. धातू वेगळा, प्रत्यय वेगळा ही पद्धत पाणिनीने इसवी सनापूर्वीच बांधून ठेवली होती. युरोपच्या अभ्यासकांची नजर घडली ती बरीचशी संस्कृत व्याकरण वाचून. अशा अर्थपूर्ण लहान तुकड्याला मराठी भाषाविज्ञानात ‘रूपिम’ म्हणतात.

पण बोलणारी माणसं व्याकरण विचारून शब्द तोडत नाहीत, आणि खरी मजा तिथेच आहे. ‘हेलिकॉप्टर’ १८६१ मध्ये फ्रान्समध्ये घडला तो ग्रीक ‘हेलिको’ (मळसूत्री पेच) आणि ‘प्टेरॉन’ (पंख) जोडून. लोकांनी तो ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा चुकीच्या जागी कापला, आणि आता हेलिपॅड बिनधास्त उतरवून घेतं. हॅम्बर्गरचंही तेच. हॅम्बुर्ग शहराला ‘अर’ लागला, म्हणजे सरळ ‘हॅम्बुर्गकर’. त्यातून ‘बर्गर’ सुटा झाला आणि आज आपल्याकडे व्हेज बर्गरही मिळतो. ‘सोलापूरकर’ मधून ‘पूरकर’ तोडून त्याला वडा लावावा, तसला प्रकार!

आपणही काही कमी नाही. सोळा गावांचं म्हणून सोलापूर, ही फोड इथल्या पोरालाही पाठ असते. शिलालेखांत मात्र बाराव्या शतकातल्या संत सिद्धरामेश्वरांच्या काळचं गाव ‘सोन्नलगे’ आहे. त्याचंच पुढे सोनलपूर आणि सोलापूर झालं असं मानतात. ‘सोळा’ आपण मागाहून ऐकला. त्या सोळा गावांची प्रचलित यादी एकदा वाचून पाहा. तिच्यात सोनलगीही आहे आणि खुद्द सोलापूरही.